भुवई उचलण्याची शस्त्रक्रिया: आठ महिन्यांनंतर

दादरला फलाटावर उभं राहून मान मागे न टाकता वरचा इंडिकेटर वाचता येतो. माझ्यासाठी शस्त्रक्रियेचा निकाल एवढाच आहे, आणि मी त्यावर समाधानी आहे. पण ही शस्त्रक्रिया एकच नसते. तिचे सहा-सात प्रकार आहेत आणि चुकीचा निवडला तर नुकसान होऊ शकतं. मी त्या नुकसानीच्या अगदी जवळ जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

वय ६३, पुरुष. लालबागला राहतो. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. २०१४ मध्ये एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सांडलं. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी सांगितली, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा. दोन-तीन महिन्यांत ओठ आणि गाल बरेचसे जागेवर आले. कपाळ आलं नाही. उजवी भुवई उचलणारा स्नायू तसाच निपचित राहिला आणि वर्षागणिक भुवई खाली घसरत डोळ्यावर छपरासारखी आली. डाव्या कपाळावर माझ्या चार खोल आठ्या आहेत. उजवं कपाळ तिशीतल्या माणसासारखं गुळगुळीत. लोकांना ते बरं वाटायचं. मला मात्र रोज संध्याकाळी सातच्या सुमारास डावं कपाळ ठणकायचं आणि बाम लागायचा. कारण फार उशिरा कळलं. उजव्या डोळ्याला दिसावं म्हणून मेंदू दोन्ही भुवयांना वर व्हायला सांगत राहतो. उजवी ऐकत नाही, डावी दिवसभर राबते.

आधी उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथे दहा मिनिटांत सांगितलं, ‘पापणीचं कातडं लोंबलंय, दोन्ही पापण्यांचं काढून टाकू, भुवईला दोन धागे घालून देऊ.’ माझ्या भुवईला कुणी हातसुद्धा लावला नाही. लकव्याचं मी सांगितलं, ते कागदावर लिहिलंही नाही. आगाऊ रक्कम भरायला मी तयार होतो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, पापणीच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवू, मग भरा.’ तिच्यामुळे वाचलो.

त्या डॉक्टरांना ऑक्युलोप्लास्टिक सर्जन म्हणतात. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी: मला ताठ बसवलं, अंगठ्याने उजवी भुवई हाडाच्या कडेवर उचलून धरली आणि विचारलं, ‘आता पापणी कशी दिसते?’ आरशात पाहिलं तर पापणीचं ‘लोंबलेलं कातडं’ जवळजवळ नाहीसं झालं होतं. दोष भुवईचा होता, पापणीचा नव्हता. डोळा झाकला जाण्याची कारणं तीन असतात: भुवई खाली येणं, पापणीचं कातडं सैल होणं, किंवा पापणी उचलणारा स्नायू ढिला पडणं. तिन्ही एकत्रही असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. भुवई खाली असताना नुसतं पापणीचं कातडं काढलं तर भुवई आणखी खाली ओढली जाते, शिवाय डोळा नीट मिटायला कातडं उरत नाही. माझा उजवा डोळा लकव्यामुळे आधीच पुरता मिटत नव्हता. त्या क्लिनिकमध्ये कातडं काढून घेतलं असतं तर बुबुळ कोरडं पडून जखम होऊ शकली असती. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

मग चाचण्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून अश्रू मोजतात. डावी पट्टी १६ मिलिमीटर भिजली, उजवी ७, म्हणजे उजवीकडे अश्रू कमी. दृष्टिक्षेत्राची चाचणी दोनदा झाली: यंत्रात तोंड घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं. एकदा डोळा आहे तसा, एकदा भुवई चिकटपट्टीने वर चिकटवून. पहिल्या कागदावर वरचा भाग काळा, दुसऱ्यावर बहुतेक मोकळा. हे दोन कागद जपून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

आता निवडीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच होता. मी घरून एंडोस्कोपची पद्धत ठरवून गेलो होतो. केसांत तीन ते पाच छोटे छेद, आत दुर्बीण, हाडावरचं आवरण सोडवून कपाळ वर सरकवायचं आणि विरघळणाऱ्या खिळीने किंवा टाक्यांनी धरून ठेवायचं. व्रण लहान, नाव आधुनिक. डॉक्टर म्हणाल्या, ‘काका, छेद लपवायला केस लागतात.’ मला पुढे टक्कल आहे. जुनी कोरोनल पद्धत, म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावरून छेद, ती त्याच कारणाने बाद. केसांच्या कडेवर छेद घेऊन करतात ती पद्धत मोठ्या कपाळाच्या बायकांना चांगली, कारण तिने कपाळ वाढत नाही. पण मला कडाच उरलेली नाही. कपाळाच्या मधल्या आठीत छेद लपवतात तीही पद्धत आहे, पण उजव्या कपाळावर माझी एकही आठी नाही. पापणीतून आत जाऊन भुवई टाचतात, त्याने थोडंच उचललं जातं. बोटॉक्स आखडलेले स्नायू सैल करून तीन-चार महिने भुवईची शेपटी जराशी वर आणतं. माझा स्नायू तर मुळातच झोपलेला.

उरली थेट पद्धत, डायरेक्ट ब्रो लिफ्ट. भुवईच्या अगदी वरच्या कडेवर कातड्याचा एक लांबट तुकडा काढायचा आणि कडा जोडायच्या. सर्वांत साधी, सर्वांत जास्त उचलणारी, पण व्रण चेहऱ्यावर. नाव ऐकून मी बिचकलो. माझ्या भुवया जाड, झुपकेदार आहेत, व्रण त्यांच्या वरच्या ओळीत दडेल, असं त्यांनी समजावलं. लकव्याची, वजनदार, एकाच बाजूची भुवई असेल तर दुरून ओढण्यापेक्षा जवळून उचलणं पक्कं, हेही पटलं. ज्याला दाट केस आहेत आणि दोन्ही भुवया वयामुळे बाहेरच्या टोकाला थोड्याच उतरल्यात, त्याच्यासाठी उत्तर वेगळं असेल. कानशिलाजवळच्या केसांतून नुसती शेपटी उचलतात तीही पद्धत आहे. माझं पाहून कुणी थेट पद्धत मागू नये.

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर, नोव्हेंबरात केली. ऑक्टोबरच्या उन्हात आणि घामात टाके नकोत म्हणून. ॲस्पिरिन घेतो, ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सात दिवस आधी बंद केली. न विचारता कुणी बंद करू नका. खुणा बसवून केल्या, कारण आडवं झाल्यावर भुवई आपोआप सरकते. बुबुळाच्या मध्यापासून भुवईच्या वरच्या कडेपर्यंत उजवीकडे ९ मिलिमीटर होतं, डावीकडे १९. फक्त उजवी बाजू करायची ठरली. ‘उजवी वर आली की डावीची धडपड थांबेल, ती थोडी खाली येईल,’ असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. पापणीला हातही लावायचा नाही, तेही ठरलेलं.

भूल तेवढ्या जागेपुरती. सुया चार-पाच, त्या झोंबल्या. नंतर नुसती ओढाताण जाणवत होती. पन्नासेक मिनिटं लागली. आतले टाके हाडावरच्या आवरणाला घेतले, बाहेरचे सहाव्या दिवशी काढले. डोळा आठवडाभर काळानिळा होता, रात्री दोन उशा घेऊन झोपलो. दुखणं दोन दिवसांचं, सूज दहा दिवसांची. पाचव्या आठवड्यात भुवईत पुटकुळीसारखं आलं, घाबरलो. आतला टाका वर आला होता, चिमट्याने काढला, विषय संपला. व्रण तीन महिने गुलाबी होता. सिलिकॉन जेल रात्री, सनस्क्रीन दिवसा, नेमाने लावलं. आज आमचा न्हावीसुद्धा वाकून पाहिल्याशिवाय ओळखत नाही. भुवईचे केस गळले नाहीत, कारण छेद केसांच्या मुळांच्या कलाला धरून तिरका घेतात.

जे सुधारलं नाही, तेही लिहितो. भुवई हलत नाही, हलणारही नव्हती. कशाचं आश्चर्य वाटलं तर अजून डावीच वर जाते. रात्री थेंब आणि मलम सुरूच आहे. पहिल्या महिन्यात उजवी भुवई जरा जास्तच वर होती, ते मुद्दाम केलं होतं. आता ९ वरून १७ वर स्थिरावली आहे आणि डावी उतरून १७-१८ वर. आणि बधिरपणा. भुवईच्या वरपासून टाळूपर्यंत एक पट्टा अजून मुका आहे. परवा परळच्या पुलावर पाऊस आला, छत्री उघडेपर्यंत चार थेंब कपाळावर पडले. डावीकडचे गार लागले. उजवीकडचे गालावर ओघळले तेव्हा कळले. मार्चपासून त्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते. ती नस जागी होण्याची खूण आहे असं सांगतात. पूर्ण परत येईलच याची खात्री दिलेली नाही, आणि ते शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितलं होतं.

खर्च सगळा मिळून ५४ हजार आला. विमा कंपनीने पहिल्यांदा ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ म्हणून दावा नाकारला. पॉलिसीतली ती अट पूर्ण वाचा: आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे असं डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर ती लागू होत नाही. दृष्टिक्षेत्राचे ते दोन कागद, आधीचे फोटो आणि लकव्याची जुनी फाइल जोडून पुन्हा पाठवलं. अडीच महिन्यांनी ४१ हजार मिळाले. शस्त्रक्रियेआधीच मंजुरी मागायला हवी होती, ते माझ्याकडून राहिलं.

जानेवारीत एका संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ही स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, ‘अहो, बाम कुठे ठेवलाय? माझा गुडघा धरलाय.’ मला आठवेना. शोधला तर कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सापडला, झाकण घट्ट बसलेलं. मी तो दीड महिना उघडला नव्हता.