वादळाआधी पत्रे-कौलं बांधून घेतली, मिस्त्रींच्या कामाचा एका पावसानंतरचा रिव्ह्यू

घर श्रीवर्धन तालुक्यात, दर्यापासून चालत १० मिनिटांवर. मधलं घर जुनं, मंगलोरी कौलांचं, आणि पुढच्या-मागच्या पडवीवर लोखंडी पाईपचा सांगाडा करून वर रंगीत पत्रे. आई-बाबा तिथेच राहतात, मी पनवेलला असतो. तिकडच्या बाजूला ज्यांचं असं घर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मिस्त्रींचं नाव-नंबर टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, चार माणसं घेऊन काम करतात आणि आधीच कामं पेलत नाहीत. पण काम कसं केलं ते कळलं तर तुम्ही तुमच्याकडच्या माणसाकडून तसंच करून घेऊ शकता.

निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२० ला दुपारी, आमच्याच किनाऱ्यावर, ताशी १०० किमीच्या वरचा वारा. आधी वारा डोंगराकडून आला, मग मध्येच पडल्यासारखा झाला, बाबांना वाटलं संपलं, आणि मग समुद्राकडून जो सुरू झाला त्यात पुढची पडवी गेली. पत्रे एकेक करून उडाले नाहीत हो, पाईपसकट अख्खं पाखं, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, उचललं गेलं आणि शेजारच्या वाडीत पोफळींवर जाऊन पडलं. त्यात लॉकडाऊन, कामाला माणूस नाही, पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात, लाईट तीन आठवडे नव्हती. आई-बाबा महिनाभर ताडपत्रीखाली राहिले आणि मला तिकडे पोचायलाच पाच दिवस लागले, ते अजून डोक्यातून जात नाही. मग जो माणूस मिळाला त्याच्याकडून घाईघाईत पडवी परत उभी केली. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते गेलं, ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, पण रात्रभर पत्रे असे धडधडत होते की आई ओटीवर बसूनच राहिली.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरवलं की यंदा आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामात हे पहिलं. तिघांना विचारलं. दोघांनी फोनवरच सांगितलं की सगळे पत्रे बदला, जाड पत्रा टाका, एवढे एवढे लाख. हे मिस्त्री मात्र घरी आले, शिडी मागितली, वर गेले आणि पाऊण तासाने खाली आले तेव्हा हातात सात-आठ स्क्रू होते. डोकी गंजलेली, खालचे रबरी वॉशर तडकून वाळलेले, आणि दोन तर हाताने फिरवून निघाले म्हणाले. "काकी, पत्रा चांगला आहे तुमचा, पत्र्याला धरून ठेवणारं काही राहिलं नाही." हेच मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. खारी हवा आधी स्क्रू खाते, मग भोक मोठं होतं, पत्रा हलायला लागतो, हलला की भोक अजून मोठं होतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो. वारा छपराला दाबत नाही, वरून जाताना तो छप्पर वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कोपऱ्यांना, वळचणीच्या म्हणजे छपराच्या खालच्या कडेला आणि आढ्यापाशी म्हणजे वरच्या टोकाला असते. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असली तर खालूनही वारा शिरतो, म्हणजे वरून ओढ आणि खालून ढकल. म्हणून सगळीकडे सारखे स्क्रू मारून उपयोग नाही. मधल्या भागात पत्र्याचा एक उंचवटा सोडून एक, पण कडेच्या आणि आढ्याजवळच्या पाईपवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. कडेच्या पाईपपासून आत जेमतेम दीड फुटावर एक जादा पाईप वेल्ड केला, म्हणजे कडेचा पत्रा दोन ठिकाणी धरला गेला. जुनी भोकं परत वापरली नाहीत, ती सीलंट भरून बंद केली आणि नवीन बाजूला पाडली. स्क्रू स्टेनलेसचे घेतले, साध्याच्या तिप्पट पडले, पण दर्याजवळ साधे घालणं म्हणजे तीन-चार वर्षांनी परत हेच.

आणि खालचं! हे कोणी बघतच नाही. खांबाखालच्या प्लेटला मागच्या माणसाने चारऐवजी दोनच बोल्ट मारलेले, तेही नुसत्या कोब्यात, म्हणजे जमिनीवरच्या पातळ थरात. म्हणजे वर कितीही आवळलं असतं तरी निसर्गसारखं पाखंच्या पाखं परत गेलं असतं. मिस्त्रींनी प्रत्येक खांबाशी दोन फूट खड्डा घेऊन काँक्रीट भरलं, मोठी प्लेट आणि चार बोल्ट. या कामाला तीन दिवस गेले आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले, पण मला विचाराल तर पूर्ण बिलातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे हेच.

कौलांच्या घराला फार नाही केलं. वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांच्या कडा, तेवढी कौलं खालच्या भोकातून तार ओवून रिपांना बांधली, आढ्यावरची कौलं सुटली होती ती माल भरून परत बसवली, तीन वाशांना वाळवी होती ते बदलले. पाण्याची टाकी पट्ट्याने बांधली आणि बाबांना बजावलं की वादळाचा इशारा आला की टाकी भरून ठेवायची, रिकामी टाकी आधी उडते. आंब्याची एक फांदी छपरावर आली होती ती आम्हीच माणूस लावून काढली.

एक गोष्ट आईला अजून पटलेली नाही. पुढच्या पडवीचा पत्रा तीन फूट बाहेर होता, तो मिस्त्रींनी दीड फुटावर आणला, बाहेर जेवढा जास्त तेवढा वाऱ्याच्या हातात. खरंय ते, पण आता जुलैत झड थेट ओटीपर्यंत येते आणि बाबांची आरामखुर्ची आत न्यावी लागते. त्यावर उपाय म्हणून हुकवर अडकवायच्या शेडनेटच्या झडपा करून दिल्या, पाऊस असेल तेव्हा लावायच्या आणि वादळ येणार असेल तेव्हा काढून ठेवायच्या. आईचं वय बघता रोजची ती काढ-घाल कटकटीचीच आहे. तरी मी पत्रा परत लांब करणार नाही.

तक्रारी पण लिहितो. काम १ मे ला सुरू होणार होतं ते ९ ला झालं, आणि त्या वर्षी पाऊस किती लवकर आला आठवतंय ना, २६ मे ला मान्सून मुंबईत. आमचं शेवटचं वेल्डिंग पावसाच्या सरींमध्येच झालं, दोन जॉइंटना प्रायमर नीट बसला नाही आणि तिथे आता गंजाची रेघ दिसतेय. दुसरं म्हणजे पत्रे खाली अंगणात कापले ते चांगलं केलं, ग्राइंडरच्या ठिणग्या वरच्या पत्र्यावर पडल्या की रंग जळतो, पण वर भोकं पाडताना जो लोखंडी चुरा पडतो तो झाडून काढला नाही. आठवड्यात पत्र्यावर तांबूस ठिपके. मी फोन केल्यावर पोरगा पाठवून साफ करून दिलं, पण ठिपके राहिले ते राहिले. पन्हळीला उतार कमी दिला होता, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी मधूनच सांडायला लागलं, ते मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन बदललं, पैसे घेतले नाहीत. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब, ज्यांना बिल लागतं त्यांनी आपल्या माणसाशी आधीच बोलून घ्या.

एकूण ६४ हजार गेले, त्यातली मजुरी साधारण निम्मी. सगळे पत्रे बदलायचे म्हणणाऱ्यांनी याच्या अडीचपट सांगितले होते, आणि त्यात खांबाखालचं काम धरलेलंच नव्हतं.

वादळ काही त्यानंतर थेट आमच्यावर आलं नाही, त्यामुळे खरी परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. पण जून-जुलैच्या वाऱ्यात पत्र्याचा आवाज बंद झालाय, आई रात्री झोपते, आणि दिवाळीत मी वर जाऊन पंधरा-वीस स्क्रू स्पॅनर लावून बघितले तर एकही हलला नाही. दिवाळीतच बघायचं कारण असं की आपल्याकडे वादळं मे-जूनलाच येतात असं नाही, फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, पाऊस संपला म्हणून सगळे निवांत असताना.

मागच्या न्हाणीवरचे सिमेंटचे पत्रे अजून जुन्या जे हुकांवरच (J आकाराच्या लोखंडी आकड्यांवरच) आहेत. ते ठिसूळ झालेत, त्यांच्यात नवीन भोकं पाडता येणार नाहीत असं मिस्त्री म्हणाले, म्हणून ते काढून तिथे रंगीत पत्रा टाकायचाय. यावेळी तारीख मार्चचीच घेतलीये आणि अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवलाय.