लिंबाच्या रोपासोबत फुकट आलेली अळी (गंगापूर रोडच्या नर्सरीचा रिव्ह्यू)

श्रावणात आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून कागदी लिंबाचं रोप आणलं, २५० रुपये. नाव टाकत नाही, भांडण काढायचं नाहीये. रोप एक नंबर, मुळं छान, माती पण शेणखतवाली, नुसतं कोकोपीट कोंबलेलं नाही. "कीड-बिड काही नाही ताई, गॅरंटी," असं काका म्हणाले होते, तेवढं लक्षात ठेवा.

घरी आणून पानं पुसायला घेतली तर एका पानावर चिमणीची शिट. तपकिरी-पांढरी, ओलसर, चकचकीत, म्हणजे शंका यायचं कारणच नाही. फडकं लावलं तर शिट सरकली!! आणि डोक्यामागून वाय आकाराचं मऊ दुबेळकं शिंग बाहेर काढलं, असा आंबूस वास आला की सासूबाई आतून ओरडल्या, "काय सांडलं गं?"

काकांना फोन केला तर म्हणे फवारा मारा. आपल्याकडे द्राक्षामुळे सगळ्यांना तेच सुचतं, पान कुरतडलं की पंप काढायचा. मी नाही मारला, म्हटलं बघू तरी. मला वाटलं लिंबावर नेहमी येतं ते छोटं फुलपाखरू असेल.

मग महिनाभर दुसरं काम नाही. अळी कात टाकत टाकत मोठी झाली आणि शेवटच्या कातीनंतर चक्क हिरवीगार. शिटेचं सोंग लहानपणीच चालतं, अंगठ्याएवढी शिट कोण खरी मानणार. आता पुढचा भाग फुगीर आणि त्यावर दोन मोठे डोळे, अगदी हिरव्या सापाचं पिल्लू वाटावं, पण ते डोळे खोटे, खरं डोकं एवढंसं असतं आणि खाली दडवलेलं. ते शिंग एरवी आतच असतं, हात लावला की हातमोज्याचं उलटं गेलेलं बोट बाहेर यावं तसं येतं आणि धोका टळला की परत आत. मुंग्या-कोळ्यांना तो वास नको होतो. अंगावर केस नाहीत, खाज येत नाही, चावत नाही, लेकाने तर हातावर घेऊन फिरवली.

पानांचं मात्र वाटोळं झालं हे खरंय, रोपाला आठ-दहा पानं उरली. नंतर फुटवा आला म्हणा.

कोष कुंडीच्या काठीला रेशमाच्या दोऱ्याने बांधलेला होता. एका सकाळी त्यातून ब्लू मॉरमॉन निघालं! आपलं नीलवंत, महाराष्ट्राने २०१५ला राज्य फुलपाखरू जाहीर केलं ते, आणि असं जाहीर करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. काळेभोर पंख, मागच्या पंखांवर फिकट निळं आणि त्यात काळे ठिपके, पंख पसरले की १२ ते १५ सेंमी. सासूबाईंनी देवाची पूजा अर्धी सोडली बघायला.

तर रोपाला पाचपैकी साडेचार, सल्ल्याला दोन, आणि त्या गॅरंटीला शून्य, पण खोटी निघाली ते बरंच झालं. काकांनी स्वतः फवारलं असतं तर मला काही दिसलंच नसतं.

परवा परत गेले, व्हिडिओ दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले, मग दोन पिशव्या पुढे करून म्हणाले, "अळीवालं देऊ का बिनअळीचं?" भाव दोन्हीचा सेम.