देवराई की भीमाशंकर? झाडांच्या नोंदींसाठी पाच वर्षं द्यायची तर

चार-पाच जणांचा गट आहे, झाडं बऱ्यापैकी ओळखता येतात आणि एकाच जागेच्या नोंदी पाच वर्षं ठेवायची तयारी आहे. पुण्यात अशा गटासमोर साधारण दोन पर्याय येतात: भीमाशंकर अभयारण्य, नाहीतर मुळशी-मावळातली एखादी देवराई.

देवराईची ओढ समजण्यासारखी आहे. गावाने हो म्हटलं की काम सुरू. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर काम केलं, तेव्हापासून पुण्याचे अभ्यासक तिकडे जात आले आहेत. भोवतालचा डोंगर बोडका असतो आणि राईत मात्र बेहड्याचे कवेत न मावणारे बुंधे उभे असतात. उलट अभयारण्यात परवानगीशिवाय पान तोडून आणता येत नाही. पावसाळ्यात काम करायचं तर वनविभागाकडे अर्ज उन्हाळा लागतानाच द्यावा लागतो.

एवढं असूनही माझा कल भीमाशंकरकडे आहे. मुख्य कारण म्हणजे खराटा.

राईतल्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की सभामंडप होतो, फरशी येते आणि मग परिसर स्वच्छ ठेवायची टूम निघते. मोठ्या झाडाला कोणी हात लावत नाही, देवाचा धाक असतोच. पण पाचोळा झाडून पेटवला जातो, गचपण म्हणून झुडपं कापली जातात आणि उद्याची झाडं त्यातच जातात. प्रजातींची यादी आहे तेवढीच राहते, म्हणून हे वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही.

ते पकडायचं असेल तर १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. ३० सेंमी किंवा त्याहून जास्त घेराची झाडं जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून मोजा. मनगटाएवढी कोवळी झाडं वेगळ्या रकान्यात घ्या. रोपांसाठी त्याच चौकोनात १ बाय १ मीटरचे पाच तुकडे पुरतात. खराटा फिरलेल्या राईत पहिला रकाना भरतो आणि बाकीचे दोन कोरे राहतात. रोपांची मोजणी जुलैत करू नका, तेव्हा जांभळाची रोपं ढिगाने दिसतात. शिवाय जांभळाच्या एकाच बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यामुळे आकडा फुगतो. फेब्रुवारीत जा, पाचोळा बोटाने हलकेच बाजूला करा, जी टिकली आहेत तीच धरा. मोजून झालं की पाचोळा परत पसरा.

दुसरा मुद्दा आकाराचा. एक हेक्टरची चौकोनी राई म्हणजे बाजू १०० मीटर, आत कुठेही उभे राहिलात तरी कड ५० मीटरच्या आत. ऊन-वारा आणि रानमोडीचं तण तिथवर सहज पोचतात. भीमाशंकर १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. शेकरूला फांदीवरून फांदीवर जायला सलग छत लागतं आणि ते राखलं की अंजनी, पिसा, हिरडा यांनाही सावली मिळते. तिथेही यात्रेचा रस्ता आणि वस्त्यांजवळची चराई आहे, तेव्हा चौकोन वाटेपासून किमान २०० मीटर आत घ्या.

गवतं आणि कड्यांवरच्या वनस्पती हा तुमचा विषय असेल तर ही तुलना फारशी कामाची नाही. शिंदळ माकुडीसारखी वनस्पती शिवनेरीच्या कड्यावर असते, ती ना राईत ना अभयारण्यात.

आणि बांधकाम न झालेली राई मिळत असेल, गावही ऐकणारं असेल, तर ती जरूर घ्या, मी अडवणार नाही. फक्त चौकोन आखायच्या आधी गावकीत बसून ठरवून घ्या: झाडलोट मंदिराभोवती पंधरा पावलं, त्यापुढचा पाचोळा पडला तिथेच राहील.