तालमीच्या खोलीतील घड्याळ आणि बीसी ३२७: आठ महिन्यांचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात जत्रेच्या नाटकाच्या तालमी ज्या खोलीत चालतात, तिथे गेल्या मे महिन्यात मी स्वतः बनवलेले चार अंकी लाल घड्याळ बसवले. कॉमन अ‍ॅनोड सेव्हन सेगमेंट डिस्प्ले (प्रत्येक अंक सात प्रकाशरेघांचा, म्हणजे सेगमेंटचा, आणि त्या रेघांचे धन टोक सामाईक), पाच व्होल्टचा पुरवठा, एटमेगा ३२८ ही नियंत्रक चिप आणि झीरो पीसीबीवर (छिद्रांच्या तयार बोर्डावर) लांब पायांचे ट्रान्झिस्टर (प्रवाह चालू-बंद करणारे तीन पायांचे भाग; बीसी ३२७ हा त्यांतलाच), अशी त्याची मांडणी आहे. बिघाड झाल्यास गावातच साध्या सोल्डरिंग गनने सुटा भाग बदलता यावा, म्हणून एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर होणारे बारीक भाग मी मुद्दाम टाळले.

सात सेगमेंटसाठी बीसी ५४७ वापरले. दीडशे ओहमच्या रेझिस्टरमधून प्रत्येकी सुमारे १८ मिलिअँपिअर वाहतात आणि या ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० असल्यामुळे तिथे कधीच अडचण आली नाही. चारही अंक एकामागून एक झपाट्याने उजळतात; चूक झाली ती हे अंक निवडणाऱ्या चार पीएनपी (बेस खाली ओढल्यावर चालू होणाऱ्या) ट्रान्झिस्टरांत. घरात होते म्हणून मी बीसी ५५७ लावले; त्यांची मर्यादाही १००च. परंतु ८ हा अंक उजळताना सातही सेगमेंटचा प्रवाह एकाच ट्रान्झिस्टरमधून जातो आणि तो १२६ मिलिअँपिअरच्या आसपास भरतो. परिणामी १ ठळक आणि ८ फिका दिसू लागला. गुणकाचा, म्हणजे एचएफईचा (बेस या नियंत्रक पायातील प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टर या पायातून वाहतो त्याचा), मोठा आकडा पाहून मी बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर पुरेसा मानला होता. तो आकडा २ मिलिअँपिअरवर मोजलेला असतो. स्विच म्हणून वापरताना त्यावर विसंबू नये, बेसला कलेक्टरच्या किमान विसाव्या हिश्श्याएवढा प्रवाह द्यावा, हे मला तेव्हा नीट उमगले.

त्यानंतर बीसी ३२७ आणले. पायांचा क्रम तोच, कलेक्टर-बेस-एमिटर, त्यामुळे जुने काढून नवे त्याच छिद्रांत बसले. बेसचा रेझिस्टर ४७० ओहम केल्यावर सुमारे ९ मिलिअँपिअर मिळतात आणि चारही अंक सारखे उजळतात. स्पर्शाला एकही ट्रान्झिस्टर गरम लागत नाही.

प्लॅस्टिक आवरणातील २२२२ ट्रान्झिस्टर घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. पीएन२२२२ चे पाय एमिटर-बेस-कलेक्टर असे येतात, तर पी२एन२२२२ए चे नेमके उलटे, आणि दिसायला दोन्ही सारखेच. मी प्रत्येक नग मल्टिमीटरच्या डायोड विभागात तपासतो. बेस-एमिटरचे वाचन बेस-कलेक्टरपेक्षा किंचित जास्त येते, त्यावरून पाय ओळखता येतात.

शेजारच्या अंकावर अंधुक सावली उमटत असे, कारण पूर्ण चालू केलेला पीएनपी बंद होण्यास थोडा वेळ घेतो. अंक बदलण्याआधी सर्व सेगमेंट पन्नास मायक्रोसेकंद बंद ठेवल्यावर ती नाहीशी झाली.

पावसाळ्यात एकदा वीज लपकल्यावर प्रोग्राम अडकला आणि पहिला अंक रात्रभर सतत पेटून राहिला. एरवी चार अंकांत वाटला जाणारा प्रवाह तेव्हा एकाच अंकाला मिळत होता, पण प्रत्येक सेगमेंटमधील प्रवाह १८ मिलिअँपिअरच्या वर न गेल्याने सेगमेंट जळले नाहीत. त्यानंतर वॉचडॉग (प्रोग्राम अडकल्यास चिप आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) सुरू केला. आमच्याकडील दमट हवेचा विचार करून सोल्डरचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्डावर वार्निशही लावले. पाय अद्याप काळवंडलेले नाहीत.

हीच जोडणी बारा व्होल्टच्या मोठ्या डिस्प्लेला मात्र चालणार नाही. एटमेगाची पिन पाच व्होल्टवर गेली तरी बारा व्होल्टवरील पीएनपी बंद होत नाही; तिथे प्रत्येक बीसी ३२७ च्या बेसमागे एकेक बीसी ५४७ जोडावा लागेल.