जुन्या गाडीचं कूलंट गळतंय: स्टॉप-लीक, होज की नवा रेडिएटर?

आधी गळती कुठे आहे ते शोधा. रात्री इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग पुढच्या बाजूला दिसला तर रेडिएटर किंवा खालचा होज (रबरी नळी), पट्ट्याच्या बाजूला असला तर बहुधा वॉटर पंप. पुठ्ठा कोरडा, पण आत पायाखालची मॅट ओली आणि गोडसर वास येतोय, तर हीटरचा कोर, म्हणजे गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर.

स्टॉप-लीक, म्हणजे कूलंटमध्ये ओतायचं गळती बुजवणारं औषध, सगळ्यात स्वस्त, म्हणून हात आधी तिकडेच जातो. रेडिएटरचं सुईएवढं छिद्र त्याने बुजतं. फाटलेल्या होजला किंवा पंपाच्या सीलला त्याचा उपयोग नाही. शिवाय हीटर कोरच्या अरुंद नळ्यांतही त्याचा गाळ बसू शकतो. अडनिड्या रस्त्यावरून घर गाठायचं असेल तर वापरा. कायमचा इलाज म्हणून मी ते कधीच सुचवणार नाही.

होज, क्लिप आणि रेडिएटरचं झाकण मात्र बिनधास्त घरी बदला. होज दाबल्यावर लिबलिबीत लागला किंवा टोकाला चिरा दिसल्या, तर तो गेला. झाकणाकडे फार जण बघतच नाहीत. ते दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांनाही उकळत नाही. त्याचं सील गेलं की कूलंट बाहेर ढकललं जातं आणि आपण उगाच रेडिएटरवर संशय घेतो. जुन्या झाकणावर ०.९ (दाबाचा आकडा, बारमध्ये) लिहिलं असेल तर नवंही ०.९ चंच घ्या.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर कारागिराकडून डाख मारून घेणं परवडतं. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल आणि टाकीलाच तडा गेला असेल, तर एपॉक्सी लावत बसू नका. तापण्या-निवण्यात ते सुटतं. नवा बसवा, साध्या गाडीत हे काम पाने-पेचकसावर होतं.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल तर गॅरेज गाठा. टायमिंग चुकलं तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑइल दुधाळ झालं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय घ्या. हेडचं फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं, घरी होत नाही.

काहीही बदला, झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. कुत्र्या-मांजरांना ते विषारी असतं. भरताना बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. तयार मिश्रण नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि आत अडकलेली हवा निघाली की, गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा.