पुनो की लिस्तव्यांका: मुक्काम ठरवण्यापूर्वी

ऑनलाइन काम चालू ठेवून एक-दोन महिने एखाद्या मोठ्या सरोवराच्या काठी राहण्याचा विचार असेल आणि निवड पेरूतील टिटिकाकाकाठचे पुनो व सायबेरियातील बैकलकाठचे लिस्तव्यांका यांतून करायची असेल, तर ती छायाचित्रे पाहून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही ठिकाणे विलक्षण सुंदर आहेत. मुक्काम सुखाचा होतो की जाचक, हे मात्र तिथले घड्याळ, तिथला सूर्य आणि आपल्या कामाचे तास यांच्या जुळणीवर ठरते.

पेरूची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या ५ तास मागे आहे, तर लिस्तव्यांका ज्या इर्कुत्स्क प्रांतात येते, तिथली वेळ ८ तास पुढे आहे. दोन्हीकडे सध्या उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नसल्यामुळे हे १३ तासांचे अंतर वर्षभर कायम राहते. भारतातील सकाळी १० ते संध्याकाळी ६ ही कार्यालयीन वेळ लिस्तव्यांकात दुपारी १२:३० ते रात्री ८:३० अशी येते आणि पुनोत रात्री ११:३० ते सकाळी ७:३० अशी. त्यामुळे भारतातील सहकाऱ्यांशी रोज बैठका असणाऱ्याने पुनोचा नाद सोडावा, कारण त्या उंचीवर आधीच झोप नीट लागत नाही आणि त्यात रात्रपाळीची भर शरीराला सोसत नाही. काम न्यूयॉर्कशी असेल तर गोष्ट उलटते: हिवाळ्यात न्यूयॉर्क व पुनो यांची घड्याळे एकच वेळ दाखवतात आणि एरवी न्यूयॉर्क एका तासाने पुढे असते.

पुनो विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने तिथे दिवसाची लांबी वर्षभरात फारशी बदलत नाही. जूनमध्ये सूर्य साधारण सहाला आणि डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास उगवतो. लिस्तव्यांकात जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या आसपास असतो, तर डिसेंबरात नऊ वाजून गेल्यावर उजाडते आणि पाचपर्यंत सूर्य मावळलेला असतो. तिथले घड्याळ सूर्याच्या जवळपास एक तास पुढे चालते, हे सकाळी लवकर उठणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. टिटिकाकावर आणखी एक गुंता आहे. सरोवराचा पूर्वेकडचा भाग बोलिव्हियात येतो आणि तिथली वेळ पेरूच्या एक तास पुढे आहे, त्यामुळे तिथल्या कोपाकबाना या गावाला जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल तर बसची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे, हे विचारून घ्यावे.

पुनोचे सरोवर ३,८१२ मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी असतो, पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते आणि पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागते. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. या उंचीला सरावल्यावर जे लोकजीवन दिसते, ते मात्र मोलाचे आहे. उरू लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची तरंगती बेटे बांधतात. खालचा थर पाण्यात कुजत जातो, म्हणून वरून ताजे लव्हाळे सतत अंथरावे लागते आणि चालताना पावलाखालची जमीन किंचित दबते. ताकिले बेटावर विणकाम पुरुष करतात, आणि डोक्यावरच्या टोपीच्या रंगावरून पुरुष विवाहित आहे की नाही हे कळते. या वस्त्रकलेला २००५ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली. पुनोतला फेब्रुवारीतला कांदेलारियाचा (कुमारी मेरीच्या एका रूपाचा) उत्सव पाहायचा असेल, तर तो पावसाळ्यात येतो हे गृहीत धरावे. कोरडे हवामान जून-जुलैत मिळते, पण त्या काळात रात्री तापमान शून्याखाली जाते.

लिस्तव्यांका हे छोटे गाव इर्कुत्स्कपासून सुमारे ७० किलोमीटरवर, अंगारा नदी बैकलमधून बाहेर पडते तिथे वसलेले आहे. १,६४२ मीटर खोलीचे हे सरोवर साधारण जानेवारीत गोठते आणि बर्फ मेच्या सुमारास पूर्ण सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ जागोजागी इतका पारदर्शक असतो की त्यातल्या पांढऱ्या भेगा खोलवर उतरलेल्या दिसतात. नदीच्या उगमाशी मात्र पाणी गोठत नाही; गावाच्या त्या टोकाला बर्फावर अजिबात जाऊ नये. बाजारात धुरावलेल्या माशांचा वास दरवळत असतो, पण ओमुल या इथल्या प्रसिद्ध माशाची संख्या घटल्यामुळे २०१७ मध्ये त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी घालण्यात आली होती, हे जाणून मगच तो मागावा.

पैशांची अडचण लिस्तव्यांकात जास्त आहे. रशियाबाहेरील बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, त्यामुळे संपूर्ण मुक्कामाचा खर्च रोखीने नेण्याची तयारी हवी. पुनोत कार्ड चालते, पण बेटांवर आणि बाजारात सोल या पेरूच्या चलनाच्या नोटा लागतातच.

भारतातील कार्यालयाचे काम सांभाळून जाणाऱ्याला मी लिस्तव्यांका सुचवेन आणि तेही मार्चमध्ये, कारण तेव्हा सातच्या सुमारास उजाडते आणि पहिली बैठक सुरू होईपर्यंत पाच तास बर्फावर आणि काठावर फिरता येते. पुनोसाठी रजाच टाकावी आणि तीही किमान दोन आठवड्यांची, म्हणजे उंचीला सरावण्याचे दिवस वजा जाऊनही बेटांवर मुक्काम करण्याइतका वेळ हाती राहील.