आंबेरची सोयरीक आणि मेवाडचा नकार

1562 मध्ये जयपूरजवळच्या आंबेरचा राजा भारमल याने सांभर येथे आपली कन्या अकबराला दिली, तेव्हा कछवाहा घराणे भाऊबंदकीने आणि मोगल सुभेदाराच्या दडपणाने जेरीस आले होते. या सोयरिकीने छोटे राज्य वाचलेच, शिवाय भारमलचा मुलगा भगवंतदास व नातू मानसिंह यांना साम्राज्याच्या सर्वोच्च मनसबी, म्हणजे दरबारी दर्जे, मिळाल्या. याच राजकन्येच्या पोटी सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, जन्मला. मात्र या सोयरिकीची किंमत कछवाह्यांना सतत दूरच्या मोहिमांवर राबण्यात मोजावी लागली. 1665 मध्ये पुरंदरला शिवाजी महाराजांशी तह करणारा मिर्झाराजा जयसिंह याच घराण्यातला होता.

मेवाडच्या सिसोदिया राजघराण्याने मुलगी देणे नाकारले. 1568 मध्ये त्यांचा चित्तोडचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, 1576 च्या हळदीघाटीत राणा प्रतापांसमोर मोगल फौजेचा सेनापती मानसिंहच होता, आणि अखेर 1615 मध्ये प्रतापांचा मुलगा अमरसिंह याने मोगलांशी तह केला. त्यात विवाहाची अट नव्हती, राण्याने स्वतः दरबारात हजर राहण्याचे बंधनही नव्हते. चित्तोडची डागडुजी मात्र करायची नव्हती.

मेवाडचा मार्ग स्वाभिमानाचा आणि आंबेरचा लाचारीचा, ही विभागणी मला फार सोपी वाटते. आंबेरकडे चित्तोडसारखा बलाढ्य किल्ला नव्हता, मेवाडसारखा मुलूखही नव्हता; आणि मेवाडच्या नकाराचा भार तिथल्या उजाड झालेल्या गावांनी दशकानुदशके सोसला. ज्या राजकन्येमुळे आंबेरचे भाग्य पालटले, तिच्या मूळ नावाबद्दल मात्र अजून एकमत नाही.